जुनी हिमालयन ४११ घेतली आहे, आधी काय बघू आणि कशावर खर्च करू? (कोल्हापूर)

बालिंगाकर
नमस्कार मंडळी. रॉयल एनफील्डची सेकंडहँड हिमालयन ४११ घेतली आहे. बीएस-६, २०२० ची, एमएच-०९ पासिंग, मीटरवर ३१,००० किमी. मी तिसरा मालक. सर्व्हिसचं बुक नाही, ऑइल शेवटचं कधी बदललं तेही विकणाऱ्याला सांगता आलं नाही. याआधी १५० सीसी चालवायचो. रोज बालिंगा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सुट्टीला गगनबावडा, दाजीपूर, आंबा.

दोन तक्रारी आहेत. ७०-७५ च्या वेगाला हँडल तरंगल्यासारखं वाटतं, सरळ धरून ठेवावं लागतं. आणि खड्ड्यातून जाताना कधीतरी इंजिन एकदम बंद पडतं, परत बटण मारलं की लगेच चालू. फॉग लाइट, मोठा क्रॅशगार्ड आणि मागं बॉक्स लावायचा विचार आहे. पैसे मर्यादित आहेत, म्हणून क्रम विचारतोय.

जुनापाना
अभिनंदन भावा, गाडी चांगली निवडलीस. लाइट, गार्ड आणि बॉक्स तिन्ही तूर्त बाजूला ठेव. ज्या गाडीचा सर्व्हिसचा इतिहास नाही, तिचं आजवर काहीच केलेलं नाही असं धरून चालायचं. पहिला पैसा ऑइल-ब्रेक ऑइल, दुसरा बेअरिंगं, तिसरा टायर आणि रबराच्या वस्तू. उरलं तर सजावट.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-५० सेमी-सिंथेटिक, डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून घे. क्लच याच ऑइलात बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो. इंजिन कोमट असताना गाडी मेन स्टँडवर लावून काढ. फिल्टर आणि त्याचे ओ-रिंग नवे, ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. हा बोल्ट अल्युमिनियमच्या आट्यात बसतो. लांब पान्यावर जोर काढला की आटे जातात आणि मग आट्यात नवं बुश बसवायचं काम मागं लागतं. ऑइल साधारण दोन लिटर लागतं, पण सगळं एकदम ओतू नको. पावणेदोन घाल, इंजिन दोन मिनिटं चालव, बंद करून थोडं थांब, इंजिनवरच्या काचेत ऑइलची लेव्हल बघ आणि मग थोडं थोडं वाढव. जास्त झालं तर ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर भिजतो आणि गाडी दम तोडते.

निघालेलं ऑइल फेकण्याआधी पातळ सुती कापडातून गाळून बघ. राखाडी, मऊ पूड थोडी असतेच. नखाने जाणवेल असा धातूचा कण निघाला तर गाडी उघडून बघावी लागेल. ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे.

टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट ठेवणारे स्क्रू) थंड इंजिनवरच तपासून घे, म्हणजे गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. गॅरेजवाला सायलेन्सरला हात लावता येत नसताना टॅपेट करायला लागला तर सरळ थांबव. स्क्रू आणि लॉकनटचे साधे टॅपेट आहेत, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) होतं, कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा समोर ठेवून. आवाज येत नाही म्हणजे टॅपेट चांगले असा समज लई पसरला आहे. ढिला टॅपेट टकटक करतो, पण त्यानं नुकसान थोडंच होतं. एक्झॉस्टचा टॅपेट आवळलेला असेल तर तो गप्प असतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता बैठकीत (व्हॉल्व्ह सीटमध्ये) उतरत नाही आणि कड जळते. गरम झाल्यावर आयडलिंग डळमळतं, कॉम्प्रेशन कमी होतं, ते यामुळे.

ब्रेक ऑइल डॉट-४, दोन वर्षांनी बदलायचं. डबीत रंग चहासारखा झाला असेल तर मुदत कधीच संपली. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. सपाटीला काही जाणवत नाही, करूळ घाट उतरताना ब्रेक तापला की लिव्हर मऊ होतो. कॅलिपरच्या पिना काढून साफ कर आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लाव. साधं ग्रीस तिथं नको, रबर फुगतं.

घाटवाट_०९
हँडल तरंगणं म्हणजे नव्वद टक्के कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं. या गाडीचा हा ठरलेला दुखरा भाग आहे. २१ इंची पुढचं चाक, २०० मिलीमीटर खेळणारे शॉकॉब, त्यामुळं चालवणारा खड्ड्यात वेग कमी करत नाही. सगळा मार वरच्या आणि खालच्या वाटीतल्या छोट्या छर्‍यांवर जातो. छर्‍यांचा वाटीला स्पर्श टिंबाएवढा, तिथं खळगे पडतात. त्यात वॉशिंग सेंटरवाला प्रेशरची पिचकारी थेट हँडलखाली मारतो, ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो.

घरी तपासता येतं. गाडी मेन स्टँडवर लाव, एकाला मागं कॅरिअर दाबून धरायला सांग, पुढचं चाक उचललं पाहिजे. आता एका बोटानं हँडल डावीकडून उजवीकडं अगदी सावकाश फिरव. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर वाटी गेली. वेगात हँडल तरंगतं ते या खाचेमुळंच: गाडीला सरळ राहायला जी बारीक दुरुस्ती लागते ती हँडल करूच शकत नाही. मग शॉकॉबची खालची टोकं दोन्ही हातांत धरून पुढं-मागं हलव. टक् असा धक्का आला तर खेळ आहे. हा धक्का कुठला ते मात्र नीट ओळख. दुसऱ्याला हँडलखाली, फ्रेम आणि खालच्या क्लॅम्पच्या फटीवर बोट ठेवायला सांग. फट हलली तर कोनसेट. फट स्थिर आणि हालचाल शॉकॉबच्या नळीत असेल तर बुश झिजलेत, ते काम वेगळं.

खाच पडलेला कोनसेट आवळून सुधारत नाही. आवळला की धक्का जातो, पण अडकणं वाढतं आणि वळणात गाडी जड होते. वरच्या-खालच्या दोन्ही वाट्या आणि कोन असा पूर्ण सेटच बदलायचा. छर्‍यांऐवजी टेपर रोलरचा सेट मिळतो, तो घाल. रोलर रेषेवर टेकतो, त्यामुळं मार वाटला जातो आणि जास्त टिकतो. जुनी वाटी छिन्नीने एकाच बाजूला ठोकून काढली तर फ्रेमची बैठक खराब होते, आणि तिरकी बसलेली नवी वाटी महिन्यात परत बोंबलते. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर जुन्या वाटीच्या मापाचा दाबायचा डाय आणि लांब स्टड करून मिळतो. त्याने वाटी ओढून सरळ बसते, हातोडा लागत नाही. लिथियम ईपी-२ ग्रीस रोलरच्या आतपर्यंत भर, वरून चोपडून उपयोग नाही. नट आधी थोडा जास्त आवळ, हँडल पाच-सहा वेळा दोन्हीकडं पूर्ण फिरव, मग सैल करून शेवटचा ताण दे. पाचशे किलोमीटरनंतर परत तपासायचा, कारण नव्या वाट्या बसतात आणि थोडा खेळ येतोच.

मागच्या लिंकेजचंही (मागचा शॉकॉब आणि चाकाचा दांडा जोडणारे सांधे) तेच. मेन स्टँडवर असताना मागचा टायर दोन्ही हातांनी वर उचल. शॉकॉब हलायच्या आधी चाक थोडं मोकळं वर येत असेल तर लिंकेजची बेअरिंगं कोरडी पडलीत. ती गाडीच्या पोटाखाली, सगळ्यात चिखल लागणाऱ्या जागी आहेत, आणि गॅरेजात सांगितल्याशिवाय कुणी उघडत नाही. दहा हजारांना एकदा उघडून ग्रीस, आपल्याकडं पावसाळा संपल्यावर केलं तर उत्तम.

पंचगंगेकाठी
इंजिन बंद पडण्याबद्दल. साइड स्टँडचा स्विच असणार, चिखल-पाणी जाऊन खराब होतो. त्याची वायर कायमची जोडून टाक, प्रश्न मिटला.

जुनापाना
कायमची जोडायला सांगू नका दादा. स्टँड खाली राहिलेली गाडी डाव्या वळणात झुकली की स्टँड जमिनीला लागतो आणि मागचं चाक उचलतं. तो स्विच त्यासाठीच आहे. वाटेत अडकल्यावर घरापर्यंत यायला जोडणं ठीक, पण घरी आल्यावर नवा स्विच.

आणि आधी दोष तिथंच आहे का ते शोधू. बालिंगाकर, पुढच्या वेळी बंद पडली की मीटरकडं बघ. मीटरही विझून परत पेटत असेल तर साइड स्टँडचा संबंध नाही. बॅटरीचे टर्मिनल ढिले, मेन फ्यूजची बैठक सैल, नाहीतर किल्लीच्या स्विचची वायर. मीटर चालू राहून फक्त इंजिन मरत असेल तर साइड स्टँडचा किंवा हँडलवरचा बंद करायचा स्विच. घरी खात्री करायला गाडी चालू कर, क्लच दाबून पहिला गिअर टाक आणि कुणाला तरी साइड स्टँडच्या स्विचला बोटानं हलवायला सांग. न्यूट्रलला हा स्विच इंजिन मारत नाही, म्हणून गिअरमध्येच बघायचं. नंतर न्यूट्रलला आणून हँडल दोन्ही टोकांना फिरव. तेव्हा बंद पडली तर हँडलखालच्या वायरिंगचा गुच्छ कुठंतरी घासून तुटायला आलाय.

बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून परत बघ. इंजिन तीन-चार हजार आरपीएमला असताना १३.८ ते १४.४.

शिरोळचा_सागर
तुमची गाडी २०२० ची आणि नोंद कोल्हापूरची आहे, म्हणून एक गोष्ट नक्की बघा. जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी पाण्यात होती का? शहरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क, बाहेर चिखली-आंबेवाडी आणि आमचा शिरोळ तालुका, सगळीकडं गाड्या बुडाल्या. त्या धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या. २०१९ च्या आधीची गाडी घेणाऱ्यांनी तर ऑगस्ट २०१९ चाही पूर धरावा.

वरून धुतलेलं दिसतं, आतला गाळ निघत नाही. आपल्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि वाळला की खपली धरतो. सीट काढा, फोमची खालची बाजू आणि तिथले स्क्रू बघा. फ्यूजचा डबा उघडून फ्यूजचे पाय हिरवे-पांढरे झालेत का बघा. पुढचा हेडलाइट काढून मागच्या कनेक्टरमध्ये टॉर्च मारा. ईसीयूचा (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कनेक्टर एकदा सोडवून पिना बघा. एबीएसच्या सेन्सरच्या आणि मागच्या हबच्या खोबणीत वाळकी माती अडकलेली असते, दात कोरायच्या काडीनं उकरली की कळतं. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला आडवी मातीची रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं, यात शंका नाही. मीटरच्या काचेआत वाफ धरत असेल तर तीही खूण.

पाण्यात राहिलेल्या गाडीचं इंजिन सहसा वाचतं, वायरिंग आणि बेअरिंगं वाचत नाहीत. तांब्याच्या तारेत पाणी केशिकेनं चढतं आणि इन्सुलेशनच्या आत तार काळी पडत जाते. वर्ष-दोन वर्षांनी एकेक तक्रार सुरू होते: आज इंडिकेटर, उद्या पेट्रोल पंप, परवा खड्ड्यात इंजिन बंद. म्हणून तुमची दुसरी तक्रार वाचून लिहावंसं वाटलं. अशी खूण सापडली तर एकेक स्विच बदलत बसू नका, सगळे कनेक्टर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, काळी पडलेली तार कापून नवी जोडा, आणि दोन्ही चाकांची बेअरिंगं बदला. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या कामांची नोंद विचारता येते, विम्याचा क्लेम झाला होता का तेही मागच्या पॉलिसीवरून विचारा.

बालिंगाकर
सगळं तपासलं. हँडल मधोमध स्पष्ट अडकतंय, खालच्या क्लॅम्पची फटही हलते. मागचं चाक मोकळं वर येतं. मीटर चालू राहून इंजिन बंद पडतं आणि गिअरमध्ये साइड स्टँडचा स्विच हलवला की लगेच मरतं. पुराच्या खुणा मात्र कुठंच नाहीत, फ्यूज आणि ईसीयूच्या पिना चकचकीत आहेत. टायरची नक्षी अर्ध्याहून जास्त आहे, ते आत्ता राहू देत का?

घाटवाट_०९
नक्षी नाही, तारीख बघ. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. १४२० असेल तर २०२० सालच्या चौदाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झालेलं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. नखानं दाबून बघ, काठाला बारीक भेगा असतील तर नक्षीचा विचारच करू नको. माप पुढं ९०/९०-२१, मागं १२०/९०-१७. हवा एकट्यासाठी थंड टायरला पुढं २५, मागं ३२.

तारांचं चाक आहे, ट्यूब आहे, हे लक्षात ठेव. तुझ्या जुन्या गाडीला ट्यूबलेस असेल, तिथं रबरी वात घालून काम व्हायचं. इथं चाक काढावं लागतं. कळ्यापर्यंत पंक्चरवाले आहेत, साळवणच्या पुढं विरळ होत जातात, आणि २१ इंची ट्यूब गावातल्या दुकानात सापडत नाही. म्हणून २१ ची एक ट्यूब कायम जवळ ठेव. अडचणीला तीच मागच्या १७ च्या चाकात घडी न पडू देता घालून सावकाश गावापर्यंत येता येतं, उलटं होत नाही. सोबत तीन टायर लिव्हर, हातपंप, आणि दोन्ही अ‍ॅक्सलला लागणारे पाने. पाने घरी एकदा लावून बघ. गॅरेजमध्ये गनने आवळलेला नट टूलकिटच्या पान्याला दाद देत नाही हे घाटात कळण्यात अर्थ नाही.

तारा तपासायला चाक फिरवत प्रत्येक तारेला छोट्या पान्यानं हलकं टिचकव. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा खणखणीत पाहिजे. एखादी बद्द वाजली तर ढिली. स्वतः आवळत सुटू नको, रिम वाकडी होते. चाक बांधणाऱ्याकडं ने.

नोंदणीवाला
कागद मागं ठेवू नका. तिसरे मालक आहात, म्हणून आरसीवर नाव विकणाऱ्याचंच आहे ना ते आधी बघा. मधल्या मालकानं नावावर करून न घेताच गाडी पुढं दिली असेल तर पहिल्या मालकाच्या सह्या लागतात. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ व बँकेची एनओसी. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुनी ई-चलनं नंबर टाकून बघा, ती भरून घ्या.

पंचगंगेकाठी
बेळगाव-चिकोडीकडची केए पासिंगची हिमालयन इथल्यापेक्षा स्वस्त मिळते, ती घ्यावी का?

नोंदणीवाला
हिशेब पूर्ण करून मगच. तिकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, इथं महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा, मग नवा नंबर. तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो तिकडच्या कार्यालयात, आणि पहिल्या मालकाच्या कागदांवर अवलंबून. किमतीतला फरक यात बराचसा जातो.

जुनापाना
बालिंगाकर, कोनसेट आणि लिंकेज एकाच वेळी उघड. चेनस्पॉकेटही तेव्हाच बघ. मागच्या स्पॉकेटवर चेन मागं ओढून निम्मा दात दिसला किंवा दात आकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकत्रच बदल. चेनचा ताण एका ठिकाणी मोजू नको, चाक फिरवत सगळ्यात आवळ जागा शोध आणि तिथं मॅन्युअलप्रमाणं ठेव. आवळ चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगचा जीव घेते. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको, ओ-रिंग कडक होतात. ऑइल गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूनं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला काळा चिखल चेनवर बसतो. आठवड्याला एकदा तरी पूस.

क्लचची नवी वायर घेऊन जुन्या वायरीच्या कडेनंच बांधून ठेव. तुटली तर दोन टोकं बदलली की गाडी चालू.

घाटवाट_०९
चालवण्याचं थोडं. १५० सीसीवरून येतोयस, ही १९९ किलोची आहे. आडवी होणारच, तेव्हा उचलायची पद्धत आधी मैदानात शिकून घे. इंजिन बंद, गिअरमध्ये टाक. उजवीकडं पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड काढून ठेव. हँडल जमिनीकडं पूर्ण वळव, गाडीकडं पाठ करून बस, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरिअरखालच्या फ्रेमला, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर मागं सरकत उठ. कमरेतून वाकून ओढली तर कमर जाते.

बीएस-६ ला मागच्या चाकाचा एबीएस बटणानं बंद होतो. दाजीपूरकडं जांभ्याच्या लाल चिखलात उतारावर तो बंद ठेवला तर मागचं चाक रुतून गाडी थांबते, चालू असेल तर तो ब्रेक सोडत राहतो. डांबरावर आल्यावर चालू करायचा. किल्ली बंद-चालू केली की तो आपोआप परत चालू होतो, म्हणून चिखलात मधे इंजिन बंद केलंस तर परत बटण दाबावं लागेल. गगनबावड्याला पावसात धुकं असेल तेव्हा हाय बीम नको, समोर पांढरी भिंत उभी राहते. भुईबावडा घाटात दरड येते, निघताना साळवणला चौकशी करून पुढं जा.

बालिंगाकर
टेपर रोलरचा कोनसेट, लिंकेजची बेअरिंगं, साइड स्टँडचा स्विच, ऑइल, ब्रेक ऑइल झालं. टायर १२१९ निघाले, दोन्ही बदलले. ७५ ला हँडल आता शांत आहे. आता फॉग लाइट लावू का? प्रत्येकी २० वॉटचे दोन.

जुनापाना
आता लाव. दोन्ही मिळून ४० वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअरपेक्षा थोडं कमी. ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीत-दीड वितीच्या आत बसव. वायर पुढं कुठंही घासली तरी आग लागायच्या आधी तो उडला पाहिजे. बॅटरीतून थेट स्विचला नेऊ नको. रिले घाल आणि रिलेचा इशारा किल्लीनंतरच्या वायरीतून घे, म्हणजे किल्ली काढली की लाइट बंद. हेडलाइटच्या वायरीला टोचून जोडणी नको, सोल्डर करून वर हीटश्रिंक. लाइट हेडलाइटपेक्षा खाली, पुढच्या गार्डवर लाव. धुक्यात प्रकाश जितका खाली, तितका रस्ता जास्त दिसतो. आणि वायरिंग टायनं बांधायच्या आधी हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि पुढचे शॉकॉब दाबून बघ, वायर कुठं ताणली जात नसेल तरच टाय आवळ.